उद्या सुटणाऱ्या मांडवात

रॉजर कॉर्मनसाहेबांस (हॉलिवुडचे कमी पैशांत सिनेमे काढणारे निर्माते-दिग्दर्शक),
सा. न. वि. वि.

९ मे २०२४ ला तुम्ही गेलात, तेव्हा हे पत्र पोचायचं नाही. तरी उधारी ठेवायला नको.

माझ्या लघुपटासाठी ठरलेलं मंगल कार्यालय आदल्या दिवशी हातचं गेलं. कॅमेरा भाड्याचा, नट रजा टाकून आलेले. डोकं धरून बसलो असताना तुमचा १९६० चा सिनेमा 'द लिटल शॉप ऑफ हॉरर्स' आठवला. दुसऱ्या कुणाचा तरी सेट पाडायला निघालेला, तो तुम्ही तेवढ्यात पकडलात आणि मुख्य चित्रण दोन दिवस नि एका रात्रीत उरकलंत. आमच्याकडे अंथरूण पाहून पाय पसरतात. तुम्ही तर दुसऱ्याने गुंडाळायला घेतलेल्या अंथरुणावर झोप काढलीत! उठलो आणि मागच्या गल्लीत गेलो. कालच्या लग्नाचा मांडव अजून उभा होता. मंडपवाल्याला म्हटलं, दादा, सकाळपर्यंत सोडू नका. रात्रभर शूटिंग केलं. शेवटच्या शॉटला मागे पोरं कनाती उतरवायला लागली, तीही फ्रेममध्ये आली. अख्ख्या लघुपटात तेवढंच खरं वाटतं.

स्टॅनफर्डहून इंजिनिअर होऊन तुम्ही नोकरी केलीत चार दिवस. मग ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्स या सिनेमा कंपनीत कागदपत्रं पोचवणारा पोऱ्या, आणि पुढे निर्माता. हिशेब मात्र पक्का. भयपटांचे नट बोरिस कार्लॉफ तुम्हाला दोन दिवसांचं काम देणं लागत होते. ते दोन दिवस तुम्ही नवख्या दिग्दर्शकाच्या, पीटर बॉग्डानोविचच्या, हवाली केलेत, त्यातून 'टार्गेट्स' हा सिनेमा झाला. कोपोला, स्कॉर्सेसी, जेम्स कॅमेरॉन हे पुढे गाजलेले दिग्दर्शकही तुमच्याच कारखान्यातले उमेदवार. पैसे मात्र हात राखून द्यायचात. ते काही मला पटत नाही. मी माझ्या पोरांना निदान पोटभर जेवण आणि रिक्षाभाडं दिलं.

तुम्हाला नुसतं चिकट म्हणावं, तर 'द इंट्रूडर' आडवा येतो. गोऱ्यांच्या शाळेत काळी मुलं येणार म्हणून पेटलेल्या दक्षिणेतल्या गावाची गोष्ट, १९६२ साली. पैसे अडकले, पण तो सिनेमा काढलात. आणि स्वीडनच्या बर्गमनचा गंभीर सिनेमा 'क्राइज अँड व्हिस्पर्स' अमेरिकेत आणून ड्राइव्ह-इनलासुद्धा, म्हणजे गाडीत बसून बघायच्या उघड्या थिएटरात, लावलात. मोटारीत बसून बर्गमन!

मंडपवाल्याने त्या रात्रीचे पैसे घेतले नाहीत. श्रेयनामावलीत ऋणनिर्देशाखाली दोनच नावं आहेत, एक त्याचं, एक तुमचं. त्याचं वर टाकलंय.

आपला,
एक नवखा निर्माता