आईच्या केमोचं ठरवलंय

छत्रपती संभाजीनगर

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

आईच्या फुप्फुसाच्या कॅन्सरसाठी केमो द्यायला काल डॉक्टरांना होकार देऊन आले. तुम्हाला न विचारता दिला, म्हणून फोन करायचा धीर होईना.

आई, तू तीनदा विचारलंस, गोळ्यांवर भागत नाही का. गाठीच्या जनुकांत ईजीएफआर किंवा एएलके नावाचा किंवा तसा बदल सापडला तरच त्या गोळ्या लागू पडतात. तुझ्या तपासणीत तसं काही निघालं नाही. केमोतलं सिस्प्लॅटिन हे औषध तुझ्या किडनीला झेपणार नाही. म्हणून कार्बोप्लॅटिन आणि पेमेट्रेक्सेड, दर 21 दिवसांनी सलाईनमधून. केस विरळ होतील, पण या औषधांनी सहसा सगळे जात नाहीत.

बाबा, सोबत इम्युनोथेरपी, म्हणजे अंगातली प्रतिकारशक्तीच गाठीशी लढवणारं औषध, दिली तर फायदा वाढू शकतो, हे खरं आहे. तिच्या खर्चासाठी तुम्ही विहिरीकडचं रान विकायला निघालात, मीच नको म्हणाले. आईनं बजावलं होतं, रान गेलं तर दवाखान्याची पायरी चढणार नाही. गरज पडली तर इम्युनोथेरपी पुढेही देता येते. रात्रभर हिशेब मांडत होते. माझं चुकलं वाटलं तर मला बोला, आईसमोर नको.

आणि लोक तंबाखूचं विचारतात ना, त्यांना सांगा, चुलीच्या धुरानंही हा आजार होतो. माझ्या डब्यासाठी पहाटे फुंकणी घेऊन बसायचीस, आई. तुझ्या पदराचा धुराचा वास म्हणजेच आई, असं मला वाटायचं. त्या पदरात तोंड खुपसून निजायचे.

मागची खोली तुमच्यासाठी रिकामी केलीय. संडास लागूनच आहे, कमोड बसवून घेतलाय. ज्वारी दळून आणलीय. बाबा, तुमची बाजही टाकलीय, परक्यासारखं वागू नका.

पहिला डोस पुढच्या बुधवारी. फॉलिक अ‍ॅसिडची गोळी आजपासून रोज, एकही चुकवायची नाही. बी-12चं इंजेक्शन झालंय. दुकानातली अंगदुखीची गोळी अजिबात नको. डोसनंतर ताप 100.4 झाला तर रात्र असो की पहाट, लगेच दवाखाना; थर्मामीटर आणलाय. भेटायला येणाऱ्यांना सर्दी-खोकला असेल तर बाबा, दारातूनच परत पाठवा, वाईटपणा माझ्या नावावर घाला.

सोमवारी परभणीहून निघा. स्टेशनवर मी असेन. गाडीत आईला खिडकीजवळ बसवा, तिला मळमळतं.

तुमची,
छकुली