स्टेपनी गाडीत नव्हतीच, तरी तिची हवा ३३

कराड,
दि. ८ जुलै २०२४

प्रति,
ग्राहक सेवा विभाग प्रमुख,
मुख्य कार्यालय.

विषय : २० जूनच्या सर्व्हिसिंगमध्ये न केलेल्या कामाचे पैसे घेतल्याबद्दल आणि ब्रेकची खोटी नोंद केल्याबद्दल.

महोदय,
स.न.वि.वि.

आपल्या कंपनीची पेट्रोल हॅचबॅक मी २०१९ साली घेतली. पाच वर्षांत ४१ हजार किलोमीटर झाले. आजवरचं एकूण एक सर्व्हिसिंग आपल्या अधिकृत केंद्रातच केलं. प्रत्येक बिल तारखेप्रमाणे फाइलला लावलेलं आहे. बाहेरच्या मिस्त्रीचा हात गाडीला लागू दिला नाही. शेजारी म्हणायचे, "मॅडम, निम्म्या पैशात करून देतो आमचा माणूस." मी म्हणायचे, कंपनीचं ते कंपनीचं. आता त्यांच्यासमोर काय तोंड दाखवायचं, हाही माझ्यापुढचा एक प्रश्न आहे.

२० जूनला गाडी दिली तेव्हा माझी तक्रार एकच होती. डॅशबोर्डवर गोलात उद्गारचिन्ह असलेला तांबडा दिवा वळणावर क्षणभर लागायचा आणि गाडी सरळ झाली की विझायचा. काउंटरवरच्या सल्लागारांना मी हे दोनदा सांगितलं. ते म्हणाले, "हँडब्रेक पूर्ण खाली जात नसेल मॅडम, नीट सोडत जा." मी सांगितलं, हँडब्रेक ओढलेला असेल तर दिवा सरळ रस्त्यावरही लागेल, फक्त वळणावर कसा लागेल? त्यावर ते हसले आणि 'हँडब्रेक दिवा' असं लिहून मोकळे झाले.

संध्याकाळी गाडी मिळाली. बिल ९,३८० रुपये. त्यात ब्रेक ऑइल बदलल्याचे ६४०, ब्रेक साफ करून तपासल्याचे ५५०, आणि मी न मागितलेल्या एसीच्या सुगंधी फवारणीचे ४९९. दिवा लागायचा बंद झाला होता. मला वाटलं, काम झालं.

३० जूनला चिपळूणला मावसभावाच्या नातवाचं बारसं होतं. गाडीत मी, मागे आई (वय ८१) आणि भाचा. पाटण, कोयनानगर करत हेळवाकच्या पुढे कुंभार्ली घाटाला लागलो. पाऊस भुरभुरत होता आणि धुकं इतकं की पुढच्या ट्रकचे फक्त दोन लाल ठिपके दिसत होते. मी दुसऱ्या गिअरमध्ये होते. माझे वडील एसटीत ड्रायव्हर होते, कराड आगाराला. ज्या गिअरात घाट चढतेस त्याच गिअरात उतरायचं, हे त्यांनी मला गाडी शिकायच्या आधीच शिकवलं होतं. उताराला गाडी न्यूट्रल करून पेट्रोल वाचवणाऱ्यांची मला कीव येते. आजच्या इंजेक्शनच्या गाडीत गिअर असताना पाय उचलला की इंजिनाला पेट्रोल जाणंच थांबतं. न्यूट्रलमध्ये उलट ते जळत राहतं, आणि गाडी सगळी ब्रेकच्या जिवावर.

पण पुढचा ट्रक थांबत थांबत उतरत होता, त्यामुळे मलाही ब्रेक वारंवार दाबावा लागत होता. साधारण निम्मा घाट उतरल्यावर पेडल मऊ लागलं. आधी ओल्या स्पंजावर पाय दिल्यासारखं, आणि पुढच्या वेळी तळाला टेकलं. गाडी थांबेना.

घाबरले नाही असं लिहिलं तर ते खोटं होईल. पण हातपाय चालले. पेडल भराभर तीन-चारदा मारलं तेव्हा थोडा दाब आला. तेवढ्यात पहिला गिअर टाकला. इंजिन किंचाळलं, पण गाडी धरली. हँडब्रेकचं बटण अंगठ्याने दाबून ठेवून तो थोडा थोडा वर ओढला. एकदम ओढला असता तर ओल्या रस्त्यावर मागची चाकं घसरली असती. इंजिन बंद केलं नाही. बंद केलं की ब्रेकचा बूस्टर, म्हणजे पायाचा जोर वाढवणारा भाग, जातो आणि स्टिअरिंग जड होतं, हे आपल्याच माहितीपुस्तिकेत छापलेलं आहे. रस्ता रुंद होता तिथे कडेला गाडी थांबली. भाच्याने उतरून चाकांना दगड लावले, चारही इंडिकेटर चालू केले. आई मागून एवढंच म्हणाली, "आलं का चिपळूण?"

अर्ध्या-पाऊण तासाने, चाकं गार झाल्यावर, पेडल पुन्हा घट्ट झालं. पहिल्या गिअरमध्ये, माणूस चालतो त्या वेगाने, पोफळीला उतरलो. तिथे रस्त्यालगतच्या एका मिस्त्रींनी गाडी पाहिली. त्यांनी जे दाखवलं ते आपल्या इंजिनिअरांनी वाचावं.

त्यांनी बॉनेट उघडून ब्रेक ऑइलच्या डबीचं झाकण काढलं, पांढऱ्या कागदाची पट्टी आत बुडवली आणि मला दिली. नवं ब्रेक ऑइल जवळजवळ पाण्यासारखं, फार तर फिकट पिवळं असतं. पट्टीवर बासुंदी-चहाच्या गाळाचा रंग आला. डबीत ऑइल मात्र काठोकाठ, वरच्या खुणेच्याही वर. नंतर पुढचं डावं चाक काढलं. ब्रेकचा पॅड म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कला दोन्ही बाजूंनी आवळणारी पाटी. बाहेरून दिसणारा पॅड बरा होता. आतला, जो चाक काढल्याशिवाय दिसत नाही, तो दीड मिलिमीटर उरलेला. मिस्त्रींनी तो माझ्या तळहातावर ठेवला. पत्र्याची पाटी आणि तिच्यावर पापुद्र्याएवढं काळं अस्तर.

इथे वळणावरच्या त्या दिव्याचा उलगडा झाला. तो तांबडा दिवा दोन कारणांनी लागतो : हँडब्रेक ओढलेला असला तर, किंवा डबीतलं ऑइल खाली गेलं तर. पॅड झिजले की त्यांना डिस्कवर दाबणारे पिस्टन बाहेर सरकतात, त्यांच्यामागे ऑइल जातं आणि डबीतली पातळी उतरते. वळणावर ऑइल एका अंगाला कलतं आणि दिवा लुकलुकतो. म्हणजे पॅड संपत आले हे गाडी स्वतःहून सांगत होती. आपल्या केंद्रात चाक न काढता वरून ऑइल ओतलं गेलं. दिवा विझला, दुखणं तसंच राहिलं.

आणि ऑइल जुनं असल्याने ते दुखणं घाटात वर आलं. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषून घेतं, म्हणून किलोमीटर कितीही झालेले असोत, दोन वर्षांनी ते बदलायचं असतं. डॉट ४ प्रतीचं ताजं ऑइल किमान २३० अंश सेल्सियसपर्यंत उकळत नाही. त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरलं की तीच मर्यादा १५५ अंशांवर येते. त्यातून पॅड पातळ, म्हणजे डिस्कची धग सरळ पिस्टनला. ऑइल उकळलं की नळीत वाफेचे बुडबुडे होतात. ऑइल दाबलं जात नाही, वाफ दाबली जाते, म्हणून पाय तळाला जातो. गार झालं की वाफ विरते आणि पेडल परत येतं. माझ्या गाडीचं हुबेहूब हेच झालं. फाइलमधल्या बिलांप्रमाणे याआधी ब्रेक ऑइल बदललं ते २०२१ मध्ये. तेही खरंच बदललं का, हे आता मी छातीठोकपणे सांगू शकत नाही.

मिस्त्रींनी चिपळूणहून पॅड मागवले, ऑइलची सीलबंद बाटली माझ्यासमोर फोडली, चारही चाकांकडून जुनं ऑइल आणि हवा काढली. पेडल दाबून धरायला भाचा बसला होता. खर्च २,६५० रुपये, सोबत एका वहीच्या पानावरचं बिल. बारसं चुकलं, जेवण मिळालं.

दुसऱ्या दिवशी केंद्राला फोन केला. उत्तर आलं, "मॅडम, घाटात तुमचा पाय सारखा ब्रेकवर असेल. लेडीजना सवय असते." मी ३१ वर्षं शाळेत नोकरी केली आणि २२ वर्षं गाडी चालवते आहे. या वाक्याबद्दल मला वेगळी लेखी माफी हवी आहे.

आता मूळ मुद्दा. बिलासोबत मला एक तपासणी तक्ता मिळाला आहे, त्याची प्रत जोडली आहे. त्यात ३२ मुद्दे आणि ३२ बरोबरच्या खुणा. एकाच पेनाच्या, एकाच तिरकेपणाच्या, पहिल्या चार जरा मोठ्या आणि मग कंटाळून बारीक होत गेलेल्या. मी आयुष्यभर पेपर तपासले आहेत. न वाचता केलेली खूण मला ओळखता येते. 'पुढचे ब्रेक पॅड' या ओळीत ६ मिमी लिहिलं आहे. २० तारखेला ६ असलेला पॅड २८० किलोमीटरमध्ये दीडवर येत नाही.

यावर कोणी म्हणेल, मोजायला चुकलं असेल. म्हणून त्याच्या खालची ओळ वाचावी : 'स्टेपनीसह पाचही टायरची हवा : ३३'. साहेब, २० जूनला स्टेपनी गाडीत नव्हती. तिची हवा हळूहळू जात होती म्हणून ती मी १९ तारखेला कोल्हापूर नाक्यावरच्या पंक्चरवाल्याकडे टाकली होती आणि २२ तारखेला परत आणली. त्याची तारखेसह चिठ्ठी जोडली आहे. डिकीतल्या रिकाम्या खळग्याची हवा आपल्या माणसाने ३३ भरली. एवढ्या एका ओळीवरून उरलेल्या ३१ ओळींचं काय समजायचं?

मला तिथल्या कुणा पोराची नोकरी घालवायची नाही. सर्व्हिसिंगनंतर त्यांच्यातल्याच एकाचा फोन आला होता, "कंपनीकडून विचारतील, दहापैकी दहा द्या मॅडम, नाहीतर आमचं कापतात." मी दिले होते दहा. त्या दिवशी तिथे दुपारपर्यंत गाड्यांची रांग फाटकाबाहेर होती आणि खाली दोन-तीन मुलं पळत होती. चाक काढायला वेळ लागतो, खूण करायला लागत नाही. तो वेळ त्यांना कोण देत नाही, हे आपण मुख्य कार्यालयात बसून शोधायचं आहे.

माझ्या मागण्या अशा. ब्रेकचे ११९० आणि पोफळीचे २,६५० मिळून ३,८४० रुपये परत मिळावेत. सुगंधी फवारणीचे ४९९ तुम्हालाच लखलाभ. तक्ता कोणी भरला आणि त्यावर सही करणाऱ्या सुपरवायझरने काय पाहिलं, याचा लेखी खुलासा हवा. आणि सर्वांत महत्त्वाचं, त्या आठवड्यात त्या केंद्रातून ब्रेक ऑइलचं बिल झालेल्या प्रत्येक गाडीच्या मालकाला बोलावून, चाक काढून, फुकट तपासणी करून द्यावी. पावसाळा सुरू आहे. कराडकडची माणसं कोकणात उतरणारच, आणि सगळ्यांच्याच वडिलांनी एसटी चालवलेली नसते.

हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी उत्तर न आल्यास मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ क्रमांकावर, तक्रार नोंदवीन आणि ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे सेवेतील त्रुटीबद्दल जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात अर्ज करता येतो, त्यामुळे मला साताऱ्याच्या पुढे जावं लागणार नाही.

काढलेले पॅड आणि त्या जुन्या ऑइलची अर्धी बाटली माझ्याकडे कपाटात ठेवली आहे. पाहायला माणूस पाठवायचा असेल तर सकाळी ११ च्या आत पाठवावा, दुपारी आई झोपते. वस्तू घरीच पाहाव्या लागतील, नेता येणार नाहीत. आणि गाडी त्या केंद्रात मी आणणार नाही.

कळावे,

आपली ग्राहक
(निवृत्त शिक्षिका, कराड)

सोबत : २० जूनचं बिल, तपासणी तक्ता, पंक्चरवाल्याची चिठ्ठी, पोफळीच्या मिस्त्रींचं बिल आणि पॅडचे दोन फोटो. एका फोटोत पॅडशेजारी पट्टी ठेवली आहे, मिलिमीटर वाचता येतात.