बाहेर पडताच येत नाही असं स्टेशन

कावासाकी,
रविवार, रात्री उशिरा

प्रिय विन्या,

सप्रेम नमस्कार. दीड महिना तुझ्या पत्राला उत्तर नाही. शिव्या देऊन झाल्या असतील तर पुढे वाच. आज एका स्टेशनात दोन तास अडकलो, तेव्हा तुझी फार आठवण झाली.

स्टेशनाचं नाव उमी-शिबाउरा. योकोहामातल्या त्सुरुमीहून कारखान्यांकडे एक लोकल जाते, अवघ्या तीन डब्यांची. हा सगळा पट्टा समुद्रात भराव टाकून केलेला. आसानो सोइचिरो नावाच्या सिमेंटवाल्या शेठजींचा तो उद्योग. स्टेशनांना नावंसुद्धा आपली आणि आपल्या गोतावळ्याची! एक आसानो, एक बँकवाल्या यासुदाच्या नावावरनं, एक कागदवाल्या ओकावाचं. शेठजींच्या घराण्याचं चिन्ह पंखा, म्हणून एका टोकाच्या स्टेशनाचं नाव ओगिमाची, म्हणजे आपलं पंखेगाव.

आसानोला फाटा फुटतो. तिथनं दोनच स्टेशनं, जेमतेम पावणेदोन किलोमीटर, आणि रूळ संपतात. उतरलो तर एका बाजूला गाडी, दुसऱ्या बाजूला कठडा आणि कठड्याखाली थेट पाणी. मधे काही नाही रे. रेवदंड्याच्या धक्क्याला कोणी रूळ आणून टेकवावेत तसं. १९४० साली सुरू झालेलं हे स्टेशन, नि तेही तोशिबा कंपनीच्या कारखान्याच्या कामगारांसाठी. तोशिबातलं 'शिबा' म्हणजे हेच शिबाउरा. 'उमी' म्हणजे समुद्र.

गंमत पुढेच आहे. स्टेशनाबाहेर पडायचा रस्ता थेट तोशिबाच्या गेटातून जातो. कामगाराचं ओळखपत्र नसेल तर वॉचमन सोडत नाही. मी उगाच दोन पावलं पुढे गेलो. त्याने इतक्या अदबीने मान लववली की मीच ओशाळून मागे फिरलो. माझ्यासारखे रिकामटेकडे बरेच येत असणार, कारण कंपनीनेच १९९५ साली स्टेशनातल्या स्टेशनात एक चिंचोळी बाग करून दिली आहे. परत जायचं तर तिकिटाचं कार्ड बाहेर पडायच्या यंत्राला टेकवायचं आणि लगेच आत यायच्या यंत्राला. म्हणजे कागदोपत्री मी बाहेर जाऊन आलो!

बागेतल्या बाकावर बसलो. समोर त्सुबासा पूल, तारा ताणलेला. खाली पाणी फलाटाच्या भिंतीवर चुबुक चुबुक आपटत होतं, डिझेलचा आणि खाऱ्याचा मिसळलेला वास. तेवढ्यात एक मासा हातभर उंच उडाला. बोयच, पैजेवर सांगतो. तू असतास तर खिशातनं गरी काढली असतीस आणि तो अदबशीर वॉचमन पहिल्यांदा धावला असता. दुसरी उडेल म्हणून टक लावून बसलो आणि मागे गाडीचे दरवाजे लागले. रविवारची दुपार, पुढची गाडी जवळजवळ दोन तासांनी. ना चहाची टपरी, ना दुकान. पिशवीत अर्धं पाकीट बिस्किटं होती, ती पुरवून खाल्ली. बोय पुन्हा काही उडाली नाही.

पण खरं सांगू, वैताग आला नाही. इथे आल्यापासून दोन तास नुसता बसलोय असं पहिल्यांदाच झालं.

डिसेंबरात येणार म्हणतोस ते नक्की कळव. टॉवर-बिवर नंतर बघू, आधी तुला इथे नेतो. येताना सुके बोंबील आण, गरी मात्र घरीच ठेव. काकूंना नमस्कार.

तुझा,
नित्या