ताबा ठेवा म्हणणं सोपं आहे

'खाण्याचं व्यसन वगैरे काही नसतं, मनावर ताबा हवा' असं सांगणारा रविवारच्या पुरवणीतला लेख वाचला आणि राहवलं नाही म्हणून लिहितेय. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या २०१३ च्या डीएसएम-५ या मानसिक आजारांच्या पुस्तकात फूड ॲडिक्शन नावाचा आजार नाही हे बरोबर आहे, पण त्याच पुस्तकात बिंज ईटिंग डिसऑर्डर, म्हणजे ताबा सुटून वारंवार एका वेळी खूप खाणं, स्वतंत्र आजार म्हणून आहे आणि येल विद्यापीठातल्या संशोधकांनी २००९ मध्येच खाण्याचं व्यसन मोजायची प्रश्नावली काढली होती, तेही लेखात यायला हवं होतं ना.

माझी धाकटी बहीण रात्री सगळे झोपले की ओट्यापाशी उभ्या उभ्या शेव खायची, पोट भरलेलं असायचं तरी हात थांबायचा नाही आणि मग डब्याचं झाकण आवाज न करता लावायची. काकडीसाठी ती कधी अशी उठली नाही. आम्ही सगळे तिला 'जिभेला आवर घाल' म्हणायचो, त्याचं आता फार वाईट वाटतं. फरक पडला तो डॉक्टरांकडे गेल्यावर. दुपारचं जेवण चुकवणं बंद केलं, कारण दिवसभर उपाशी राहिलं की रात्री तलफ जास्तच यायची, शेव किलोनं आणणं थांबवलं आणि तलफ आली की पंधरा मिनिटं गच्चीवर चकरा. दर वेळी जमतंच असं नाही.

शब्दावर तज्ज्ञांनी खुशाल वाद घालावा, पण पुढच्या पुरवणीत एखाद्या मानसोपचारतज्ज्ञांना यावर लिहायला सांगा ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, सांगली