आई, फोनवर ‘मॅनेज होतं’ म्हणू नकोस

एडिंबरा
रविवार, २ नोव्हेंबर २०२५

ती. बाबा आणि ती. आई,
सा. न. वि. वि.

फोनवर बोलायला बसलं की आई विषय जेवणावर नेते आणि बाबा पावसावर. म्हणून हे कागदावर लिहिते आहे. १४ तारखेला, शुक्रवारी सकाळी १० वाजता, आईच्या पिपच्या, म्हणजे दुखणेकरी माणसांना मिळणाऱ्या सरकारी भत्त्याच्या, असेसमेंटचा फोन येणार आहे. त्याआधी हे पत्र दोघांनी वाचा. एकदा वाचून ड्रॉवरमध्ये ठेवू नका, फ्रिजवर लावा.

दिवाळीला आले होते तेव्हा वरच्या कपाटात चकलीचा सोऱ्या सापडला. पिशवीत घालून, गाठ मारून ठेवलेला. आई, ‘हल्ली दुकानात छान मिळतात’ असं तू तीन दिवाळ्या मला सांगते आहेस आणि तिन्ही वेळा मी ते खरं मानलं. या वेळी सोऱ्या हातात घेतला, पिळून पाहिला, आणि मग कळलं की संधिवाताच्या बोटांनी तो तुला पिळवत नाही. पोटच्या मुलीला तू जे सांगितलं नाहीस, ते फोनवरच्या अनोळखी माणसाला कशी सांगशील, या विचारानं मला नीट झोप लागत नाही.

बाबा, आधी तुमच्याशी बोलते. ‘आपण कधी कुणापुढे हात पसरले नाहीत’ हे तुमचं वाक्य मला पाठ आहे आणि त्याचा मला अभिमानही आहे. पण पिप म्हणजे भीक नव्हे. घरात पैसे किती, घर कुणाच्या नावावर, हे त्यात विचारतच नाहीत. पार्लमेंटनं २०१२ साली कायदा केला आणि २०१३ पासून हा भत्ता सुरू झाला. दुखण्यामुळे रोजच्या जगण्याला जो जादा खर्च येतो, त्यासाठी तो आहे. तुम्ही आईला हॉस्पिटलला टॅक्सीनं नेता, आयत्या पोळ्या आणता, चिरलेली भाजी महाग पडते तरी घेता, हाच तो खर्च. यंदाच्या, २०२५-२६ च्या, दरानं रोजच्या जगण्यासाठीचा साधा भत्ता आठवड्याला ७३.९० पौंड आहे. आणि अर्ज आताच करायला हवा होता. पेन्शनचं वय उलटल्यावर पिपसाठी नव्यानं अर्ज करता येत नाही. मग अटेंडन्स अलाउन्स हा म्हातारपणीचा दुसरा भत्ता तेवढा उरतो, आणि त्यात चालण्या-फिरण्याचा भागच नाही. आई ६३ ची आहे, तिच्या हातात अजून वेळ आहे.

आता आई, तू.

सप्टेंबरमध्ये आपण हॉस्पिटलला गेलो होतो. डॉक्टरांनी ‘कशा आहात’ विचारलं. तू हसून ‘फाइन, थँक यू’ म्हणालीस. पाच मिनिटांनी बाहेरच्या बाकावर तुझ्या कोटाची बटणं मी लावून दिली. नंतर आलेल्या पत्रात तू बरी असल्याचं लिहिलं होतं. त्यांचं काय चुकलं? तू सांगितलंस तेच त्यांनी लिहिलं.

आपल्याकडे ‘कसं काय’ला ‘बरं चाललंय’ म्हणतात, ती रीत आहे. चार लोकांत दुखणं उगाळू नये असं आजीनं तुला शिकवलं, तू मला शिकवलंस. पण १४ तारखेचा फोन म्हणजे विचारपूस नाही. पलीकडे नर्स असेल, फिजिओथेरपिस्ट असेल किंवा तसाच कुणी आरोग्य क्षेत्रातला माणूस. तो तुझं उत्तर टाइप करत राहणार. ‘स्वयंपाक करता का?’ विचारल्यावर तू ‘आय मॅनेज’ म्हणालीस तर कागदावर उतरेल: ‘स्वतः स्वयंपाक करते.’ तुझ्या तोंडी ‘मॅनेज होतं’ याचा अर्थ ‘रडतखडत, बाबांच्या मदतीनं, मध्ये दोनदा बसून’ असा असतो हे मला माहीत आहे, त्यांना नाही. हा एक शब्द त्या दिवशी घरात ठेवूच नकोस.

म्हणूनच मी फोन करून मराठी दुभाषी मागितली आहे, बाईच मिळावी अशी विनंती केली आहे. तुझं इंग्रजी उत्तम आहे, पण इंग्रजीत तू फार सभ्य होतेस. मराठीत निदान ‘बोटं आखडतात’ असं तरी म्हणशील. फोन रेकॉर्ड करावा हेही आधीच सांगून ठेवलं आहे.

एक गोष्ट नीट समजून घे, कारण तुझा सगळा गोंधळ इथेच होतो. भत्ता ते गुणांवर ठरवतात, आणि ते गुण रोगाच्या नावावर द्यायचे नसतात. संधिवात आहे हे त्यांना कागदावरून कळलेलंच आहे. एखादं काम तू करू शकतेस का एवढंच न पाहता ते चार गोष्टी बघतात: धोका न होता, नीट, पुन्हा पुन्हा आणि वाजवी वेळात होतं का. धडधाकट माणसाला जास्तीत जास्त जेवढा वेळ लागेल, त्याच्या दुपटीहून अधिक लागला तर ते वाजवी वेळात झालं असं धरत नाहीत. एकदा कांदा चिरला आणि मग संध्याकाळपर्यंत हात उचलला नाही, तर ‘कांदा चिरता येतो’ हे उत्तर अर्धवट आहे. अर्धवट उत्तर म्हणजे चुकीचं उत्तर.

तू म्हणशील, ‘अगं, दुपारी मोकळी होतात ना बोटं.’ होतात. पण सकाळी उठल्यापासून ११ पर्यंत तुला वेणी घालता येत नाही, हेही त्याच दिवसातलं आहे. दिवसातला थोडा काळ जरी असा खऱ्या अडचणीचा गेला तरी तो दिवस अडचणीचाच धरतात. वर्षातले निम्म्याहून अधिक दिवस असे असले की ते मोजलं जातं. म्हणून ‘कधी कधी’ असं मोघम सांगू नकोस. ‘आठवड्यातले पाच दिवस’ असं सांग. सोमवारी आदल्या रात्री घेतलेल्या संधिवाताच्या औषधानं, मेथोट्रेक्सेटनं, मळमळतं आणि तू पडून असतेस, तेही सांग.

स्वयंपाकाचा प्रश्न आला की तू पुरणपोळीपर्यंत पोचशील. तेवढं ते विचारत नाहीत. एका माणसाचं साधं जेवण, ताज्या भाजीचं, गॅसवर केलेलं, एवढाच प्रश्न. तर असं सांग: कुकरचं झाकण मला लावता-काढता येत नाही, ते हे करतात. भरलेलं पातेलं दोन्ही हातांनीही उचलत नाही, मार्चमध्ये डाळ पायावर सांडली होती. बटाटा सोलता येत नाही. उभं राहवत नाही म्हणून उंच स्टुलावर बसते. ते स्टूल, बरणी उघडायचं रबर, बाथटबजवळची दांडी, यांची लाज वाटून घेऊ नकोस. साधनाशिवाय काम होत नसेल तर त्याचेही गुण असतात.

आंघोळ, कपडे, संडास यांचे प्रश्न येतील. ब्लाउजचे हुक बाबा लावतात हे तू मला अजून सांगितलेलं नाहीस, पण मी पाहिलं आहे. तिथे अडखळलीस तर बाबांना खुशाल बाहेर जायला सांग. बाबा, रागावू नका, चहा टाका.

चालण्याचं मात्र बाबांनी आधी मोजून ठेवायचं. २० मीटर, ५० मीटर, २०० मीटर अशा त्यांच्या पायऱ्या आहेत. २० मीटर म्हणजे साधारण दोन डबल डेकर एकामागे एक. आई, बसस्टॉपला जाताना तू त्या कोपऱ्यावरच्या घराचे गुलाब बघायला थांबतेस ना, तिथे न थांबता किती पावलं झाली ते बाबा मोजतील. गुलाब जानेवारीतही बघतेस तू.

बाबा, तुम्ही शेजारी बसा, पण तिच्या आधी उत्तर देऊ नका. त्यांना तिच्या तोंडून ऐकायचं असतं. ती ‘बरं आहे’कडे घसरली की मगच बोला. आणि तुम्ही अनोळखी नंबर उचलत नाही हे योग्यच आहे, फक्त त्या दिवशी नाही. फोन लपवलेल्या नंबरावरून येऊ शकतो. सबळ कारणाशिवाय चुकला तर अर्जच फेटाळला जाऊ शकतो. अर्थात बँकेचा पासवर्ड कुणी मागितला तर सरळ ठेवून द्या.

आई, उद्यापासून वहीत रोज चार ओळी लिही. लिहवत नसेल तर बाबांना सांग, ते लिहितील. उठलीस किती वाजता, बोटं कधी सुटली, काय हातातून पडलं, कशासाठी हाक मारलीस. वाढवून एक शब्दही लिहू नकोस, कमी करूनही नको. त्या दिवशी ही वही, भरलेल्या फॉर्मची प्रत, औषधांची यादी आणि चष्मा टेबलावर ठेवा. फोन स्पीकरवर ठेवा, हातात धरून तासभर बसायचं नाही. दमलीस तर ‘जरा थांबते’ म्हण. दुखलं तर दुखलं म्हण, तोंडातल्या तोंडात सोसू नकोस. त्यांना तुझा चेहरा दिसत नाही.

फोनवरचा माणूस निकाल देत नाही, तो अहवाल लिहून सरकारच्या काम व पेन्शन खात्याकडे पाठवतो, निर्णय तिथला अधिकारी घेतो. पत्र यायला काही आठवडे लागतील. अहवालाची प्रत मी मागवीन. नाही म्हणाले तर महिन्याच्या आत फेरविचार मागायचा, तरी नाही तर ट्रिब्युनल. ते सगळं माझ्याकडे. तुम्ही त्याचा विचारही करू नका.

एक कबूल करते. मी इतक्या लांब राहते, म्हणून तू मला चांगलंच तेवढं सांगतेस. व्हिडिओ कॉलवर फोन डब्याला टेकवून ठेवतेस तेव्हा मला वाटायचं की हात कामात आहेत. यापुढे मलाही ‘बरं आहे’ नको. वाईट दिवस असेल तर वाईट सांग, मला ते जास्त सोपं जाईल.

गुरुवारी १३ ला सुट्टी घेतली आहे. डर्बीला गाडी बदलून रात्री साडेआठपर्यंत लेस्टरला पोचेन. स्टेशनवर येऊ नका, थंडी आहे. बाबा, मुगाची खिचडी लावून ठेवा. कुकर मी आल्यावर उघडीन.

तुमची,
मनू