पाहुण्यांना बोलते करणाऱ्या बाईंस : एक जाहीर आभारपत्र

आदरणीय बाई,

सादर प्रणाम.

येथील आपल्या मराठी मंडळाच्या चित्रपट-कार्यक्रमासाठी आलेले पाहुणे सुखरूप मुंबईला पोहोचल्याचा निरोप आला आणि हे पत्र लिहायला मी मोकळी झाले. आभार दूरध्वनीवरही मानता आले असते. परंतु आपण आम्हाला जे शिकवलेत ते परदेशात मराठी चित्रपट दाखवणाऱ्या आणि हौसेने कलावंतांना बोलावणाऱ्या प्रत्येक मंडळाच्या उपयोगाचे आहे, म्हणून ते चारचौघांत सांगावेसे वाटले. आपले नाव कोठेही येऊ नये, ही आपली अट मात्र मी पाळली आहे.

आपण जेथे स्वयंसेविका म्हणून पाहुण्यांची सोबत करता, त्या रिचमंडच्या फ्रेंच चित्रपट महोत्सवाची ज्या वाचकांना कल्पना नसेल, त्यांच्यासाठी थोडे सांगते. व्हर्जिनिया राज्याच्या या राजधानीत 1993 साली पीटर आणि फ्रान्स्वाज कर्कपॅट्रिक या प्राध्यापक दांपत्याने हा महोत्सव सुरू केला आणि व्हर्जिनिया कॉमनवेल्थ युनिव्हर्सिटी व युनिव्हर्सिटी ऑफ रिचमंड या दोन विद्यापीठांच्या आधाराने तो वाढला. कॅरीटाउनमधले बर्ड थिएटर हे त्याचे घर. 1928 च्या नाताळच्या आदल्या दिवशी उघडलेले हे चित्रगृह आजही आपला संगमरवर, सज्जा, स्फटिकांचे भले मोठे झुंबर आणि मूकपटांच्या काळातला वुर्लिट्झर ऑर्गन सांभाळून आहे. रिचमंड हे काही न्यूयॉर्क किंवा लॉस एंजेलिस नव्हे. येथे चित्रपटांची बाजारपेठ नाही आणि हक्कांचे सौदेही होत नाहीत. तरीही फ्रान्सहून दिग्दर्शक, नट-नट्या, पटकथाकार, संगीतकार येथे येतात, आपला चित्रपट प्रेक्षकांच्या हाती देतात आणि तो संपल्यावर त्याच प्रेक्षकांच्या प्रश्नांना सामोरे जातात. छायालेखक आणि ध्वनीचे जाणकार यांनाही येथे मानाने बोलावले जाते. महोत्सवाची ओळख त्याच्या पाहुण्यांमुळे आहे, असे मी म्हणते ते या अर्थाने.

त्या पाहुण्यांच्या मागे, विंगेत, आपण वर्षानुवर्षे उभ्या आहात. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमध्ये फ्रेंच शिकलेल्या आणि पुढे येथे ती भाषा शिकवण्यात आयुष्य घालवलेल्या आपण निवृत्तीनंतर स्वयंसेविका झालात, आणि अटलांटिक ओलांडून आलेल्या, झोप पुरी न झालेल्या, अनोळखी गावात उतरलेल्या माणसांची सोबत करू लागलात. मंचावर त्यांचे बोलणे इंग्रजीत सांगणे हा आपल्या कामाचा दिसणारा भाग. न दिसणारा भाग मला महोत्सवाच्या एका वसंत ऋतूत पाहता आला, जेव्हा आपण मला मदतनीस म्हणून बरोबर घेतलेत.

त्या दिवसांतले एक दृश्य जसेच्या तसे आठवते. संध्याकाळच्या खेळाची दिग्दर्शिका हॉटेलातून आल्यावर आपण तिला थेट मंचाकडे नेले नाही. आधी बाजूच्या उपाहारगृहात बसवून सूप मागवले आणि ती खात असताना अगदी सहज तीन गोष्टी विचारल्या : आपली ओळख किती शब्दांत करून द्यावी, कोणत्या विषयावर प्रश्न आलेला आवडणार नाही, आणि चित्रपट घडवताना ज्यांच्यावाचून अडले असते अशी कोण माणसे आहेत. आपल्या छोट्या वहीत आपण उत्तरे टिपून घेतलीत. उभी रेघ मारून डावीकडे नावे आणि उजवीकडे आकडे व तारखा, कारण बोलण्याच्या ओघात नेमके तेवढेच निसटते, असे आपण मला नंतर समजावलेत. चित्रपटापूर्वी तिला मंचावर जेमतेम दोन मिनिटे मिळाली. चित्रपट संपल्यावर मात्र अर्ध्या तासाहून अधिक वेळ तिचा होता, आणि पहिल्याच उत्तरात तिने आपल्या संकलकाचे ऋण मान्य केले. तो विषय तिच्या मनात आपण सूपाच्या वाटीपाशी जागा केला होता, हे सभागृहात कोणालाच ठाऊक नव्हते.

आपल्याकडे हे बरोबर उलटे होते आणि ते मनापासूनच्या आदरापोटी होते, हेही मला ठाऊक आहे. दीपप्रज्वलन, प्रास्ताविक, पाहुण्यांची ओळख, शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ, प्रायोजकांचा सत्कार, अध्यक्षांचे मनोगत, आणि मग चित्रपट. चित्रपट संपेपर्यंत जेवणाची वेळ होऊन गेलेली असते, लहान मुले कंटाळलेली असतात, आणि ज्यांना आपण सातासमुद्रापार बोलावले त्यांच्याशी चित्रपटाबद्दल बोलायला कोणीच उरत नाही. पाहुण्यांबरोबर छायाचित्रे निघतात. संवाद होत नाही. शाल-श्रीफळ सोडा, असे आपण कधीच म्हणाला नाहीत. ते चर्चेच्या शेवटी ठेवा, एवढेच सुचवलेत. सत्कार करताना तो कशासाठी करतो आहोत हे तोवर प्रेक्षकांनाही उमगलेले असते, हे आपले म्हणणे या वेळी आम्ही शब्दशः अनुभवले.

दुसरी गोष्ट आपण शिकवलीत ती पाहुणा कोणाला म्हणावे याबद्दलची, आणि ती मला अधिक मोलाची वाटते. फ्रेंच कायद्यात चित्रपटाचे कर्ते कोण याचे उत्तर दिलेले आहे, हे मी प्रथम आपल्याकडून ऐकले. दिग्दर्शक, पटकथाकार, संवादलेखक आणि चित्रपटासाठीच संगीत रचणारा संगीतकार हे सारे त्या कृतीचे सहकर्ते मानले जातात. पैसा घालणारा निर्माता एकटाच तिचा धनी होत नाही, आणि चित्रपटाची अंतिम प्रत कोणती हेही त्याला परस्पर ठरवता येत नाही. कृतीवरचा कर्त्याचा नैतिक हक्क, म्हणजे तिला आपले नाव लागावे आणि तिच्यात परस्पर बदल होऊ नयेत हा हक्क, तेथे विकताही येत नाही. पडद्यामागची माणसे इतक्या सहजपणे मंचावर येऊन आपल्या कामाविषयी अधिकाराने का बोलतात, याचा उलगडा मला तेव्हा झाला. त्यांना परदेशी पोहोचवणारी व्यवस्थाही तशीच जुनी आहे. 1946 साली स्थापन झालेली चित्रपटविषयक राष्ट्रीय संस्था फ्रान्समध्ये विकल्या जाणाऱ्या प्रत्येक तिकिटावरचा 10.72 टक्के कर नव्या चित्रपटांकडे वळवते. त्यात हॉलिवूडच्या चित्रपटांची तिकिटेही आली. 1949 मध्ये सुरू झालेली युनिफ्रान्स ही संस्था फ्रेंच चित्रपटांचा देशोदेशी प्रसार करते आणि कलावंतांना परदेशी प्रेक्षकांपर्यंत नेते. आपल्या मंडळाच्या वर्गणीतून एवढे साधणार नाही, हे खरेच. पण कोणाला बोलवायचे हा निर्णय पैशाचा नसतो, आणि तेथेच आपण आम्हाला हात दिलात.

कार्यकारिणीच्या बैठकीत या वर्षी दाखवायच्या मराठी चित्रपटासाठी नेहमीप्रमाणे त्याचा नायक किंवा नायिका पाहुणे म्हणून मिळते का, याचाच विचार चालू होता. आपण शांतपणे विचारलेत, "या चित्रपटात तुम्हाला सर्वांत जास्त काय लक्षात राहिले?" बहुतेकांनी पाऊस म्हटले. "मग ज्याने तो पाऊस ऐकवला त्याला बोलवा," असे आपण म्हणालात, आणि पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेल्या त्या ध्वनिसंयोजकाला आम्ही पत्र लिहिले. काही सदस्यांना शंका होती. चेहरा ओळखीचा नसलेल्या पाहुण्यासाठी माणसे येतील का, ही काळजी खोटी नव्हती. आपण त्यांच्याशी वाद घातला नाहीत. निमंत्रणपत्रिकेचा मजकूर स्वतः लिहून दिलात, आणि त्यात पाहुण्यांच्या पुरस्कारांची यादी देण्याऐवजी प्रेक्षकांना त्या संध्याकाळी काय ऐकायला मिळेल ते लिहिलेत.

त्या संध्याकाळचे वर्णन आपल्यासमोर काय करावे, आपण होतातच. तरी वाचकांसाठी लिहिते. पाहुण्यांनी आधी समजावून सांगितले, की आपल्याकडे कित्येक दशके चित्रीकरण झाल्यावर नटांकडून संवाद पुन्हा म्हणवून घेण्याची पद्धत होती, तर फ्रेंच चित्रपटांत जागेवरचा प्रत्यक्ष ध्वनी टिपण्याची परंपरा भक्कम आहे, आणि विद्यार्थी असताना त्या चित्रपटांनीच आपले कान तयार केले. मग त्यांनी सभागृहातले दिवे मालवून कोकणातल्या चित्रीकरणाच्या वेळचे कच्चे ध्वनिमुद्रण लावले. पहिल्या तुकड्यात पाऊस होता, दुसऱ्यातही पाऊसच होता. फरक काय, असे त्यांनी विचारण्याआधीच तिसऱ्या रांगेतून एक आजी ठामपणे म्हणाल्या, "पहिला पत्र्यावरचा. हा कौलांवरचा. आणि पन्हळीखाली कोणीतरी हंडा ठेवलाय." पाहुणे क्षणभर थांबले, आणि मग त्यांनी सांगितले की तो हंडा घरमालकिणीने ठेवला होता, चित्रीकरणासाठी तो काढायला सांगितला गेला आणि त्यांनी दिग्दर्शकाला विनवून तो तेथेच राहू दिला. त्यानंतर प्रश्नांना खळ पडला नाही. येथेच जन्मलेली, मराठी अडखळत बोलणारी मुले माइक मागून घेत होती. त्यांतल्या एकाने रातकिड्यांचा आवाज खरा की नंतर भरलेला, असे विचारले आणि त्याला सविस्तर उत्तर मिळाले. पाहुण्यांना शाल दिली तेव्हा सभागृह आपसूक उभे राहिले.

आपण त्या वेळी सर्वांत मागच्या रांगेत बसला होतात. मंचावर या, असे मी खुणेने विनवले तरी आपण आला नाहीत, आणि पाहुण्यांनी आपला उल्लेख केला तेव्हाही केवळ हात जोडलेत. त्यामुळे जे तेथे बोलायचे राहिले ते येथे लिहीत आहे. पाहुण्यांना विमानतळावरून आणणाऱ्या तरुणाला, त्यांना गाडीत प्रश्न विचारू नकोस, झोपू दे, असे आपण बजावले होते. जेवणात त्यांना काय चालत नाही हे आपण आठवडाभर आधी विचारून ठेवले होते. सबटायटल्स पडद्यावर नीट दिसतात की नाही, हे आपण दुपारी मागच्या रांगेतल्या खुर्चीत बसून तपासलेत, आणि दोन ओळी पडद्याच्या खालच्या कडेला कापल्या जात असल्याचे आपल्याच लक्षात आले. प्रोजेक्शन सांभाळणाऱ्या माणसाचे नाव विचारून ते निवेदिकेच्या कागदावर आपण स्वतःच्या हाताने लिहिलेत. आमच्या मंडळात त्या माणसाचे आभार नावानिशी मानले गेल्याचे मला तरी आठवत नाही.

कार्यक्रमपत्रिकेसाठी आपण लिहून दिलेल्या टिपणाविषयीही दोन शब्द लिहायलाच हवेत. ल्युमिएर बंधूंनी पॅरिसमध्ये 28 डिसेंबर 1895 रोजी तिकीट लावून पहिला खेळ केला आणि त्यानंतर जेमतेम सव्वासहा महिन्यांनी, 7 जुलै 1896 रोजी, त्यांचे प्रतिनिधी मारियुस सेस्तिये यांनी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात त्यांची चलचित्रे दाखवली, हे वाचले अनेकांनी होते. परंतु परमुलखात आपले चित्रपट घेऊन जाणारा फ्रेंच पाहुणा ही परंपरा तेथपासूनची आहे, आणि मुंबईत तिला लगेच प्रतिसाद देणारा माणूस मराठी होता, ही जोड आपण घातलीत. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावे दादा, यांनी त्या खेळांनी भारावून परदेशातून कॅमेरा मागवला, 1899 मध्ये हँगिंग गार्डनमधली कुस्ती टिपली आणि पुढे 1901 मध्ये केंब्रिजला गणितात अव्वल ठरलेले रँग्लर परांजपे मायदेशी परतले तेव्हा त्यांच्या स्वागताचेही चित्रण केले. पाहुण्याने काय आणले यापेक्षा त्याच्या येण्याने यजमानांपैकी कोणाच्या हाताला काम लागले, हे पाहावे, असे आपण टिपणाच्या शेवटी लिहिले होते. आमच्याकडे कार्यक्रमानंतरच्या रविवारीच तीन मुलांनी आजी-आजोबांच्या घरातले आवाज ध्वनिमुद्रित करायला सुरुवात केली आहे. त्यांतल्या एकाने मिक्सर, कुकर आणि देवघरातली घंटा टिपून पाहुण्यांना पाठवली आणि त्यांनी मुंबईहून कौतुकाचे उत्तरही धाडले.

आमच्या कार्यकारिणीने दोन ठराव एकमताने केले आहेत, ते आपल्या माहितीसाठी देते. यापुढे मंडळाच्या प्रत्येक चित्रपट-कार्यक्रमात चर्चेसाठी किमान अर्धा तास राखून ठेवला जाईल आणि तो कोणत्याही भाषणासाठी कापला जाणार नाही. तसेच एक वर्षाआड पडद्यामागच्या एखाद्या कलावंताला प्रमुख पाहुणे म्हणून बोलावले जाईल. पुढच्या खेपेस संकलकाचा विचार आहे. आपल्या वहीतल्या प्रश्नांची एक प्रत इतर शहरांतल्या मंडळांना पाठवावी, अशी मागणी दोन ठिकाणांहून आली आहे. आपली हरकत नसेल तर मी ती टंकलिखित करून आधी आपल्याकडे तपासायला पाठवते. वसंतातल्या महोत्सवासाठी मदतनीस हवे असतील तर या वेळी मी एकटी नसेन. ध्वनिमुद्रण करणारी ती तीनही मुले, त्यांच्या पालकांच्या परवानगीने, पाहुण्यांच्या स्वागतकक्षात काम करायला तयार आहेत.

आपण आमच्यासाठी जो वेळ, जी माया आणि जी शिस्त खर्च केलीत, त्याबद्दल मंडळाच्या सर्व सभासदांच्या वतीने आणि माझ्या वतीने मनःपूर्वक आभार.

आपली कृतज्ञ,
मंडळाची सचिव
रिचमंड, व्हर्जिनिया