‘रुग्ण नियमित आहे का?’ या रकान्याविषयी आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. आरोग्यमंत्री महोदय,
स. न. वि. वि.

मूत्रपिंडं निकामी झाल्यामुळे घरी पोटाचं डायलिसिस करणाऱ्या रुग्णांचा मासिक अहवाल माझ्यासारख्या परिचारिका भरून वर पाठवतात. त्यात एक रकाना आहे : ‘उपचार-अनुपालन : हो / नाही’, म्हणजे सांगितलेला उपचार रुग्ण नियमित घेतो का. शब्द वाचला की करविवरण भरायला बसल्यासारखं वाटतं. शब्दाचं मी चालवून घेईन. पण तो रकाना आम्ही कशाच्या भरवशावर भरतो, हे आपल्यापर्यंत पोचत नसावं.

पेरिटोनियल डायलिसिस म्हणजे हेच पोटाचं डायलिसिस : पोटाच्या आतला पडदा गाळणीसारखा वापरून रक्तातली घाण द्रवात ओढून घ्यायची. त्यासाठी रुग्णाच्या पोटात एक मऊ नळी कायमची बसवलेली असते. तिच्यातून दोन लिटर द्रव पोटात सोडायचा, चार ते सहा तास ठेवायचा, काढून टाकायचा आणि नवी बॅग लावायची. बहुतेकांना हे दिवसातून चार वेळा करावं लागतं. प्रत्येक बदलाला अर्धा-पाऊण तास जातो. मास्क लावायचा, दार-खिडक्या लावून घ्यायच्या, पंखा बंद करायचा, हात नीट धुऊन पूर्ण कोरडे करायचे आणि मगच जोडणीला हात लावायचा. महिन्याला १२० बॅगा होतात, म्हणजे २४० लिटर. यात रविवार नाही की सणवार नाही. पोपोविच आणि मॉन्क्रीफ यांनी १९७६ मध्ये ही पद्धत मांडली, पुढे टोरांटोत ओरिओपुलोस यांनी काचेच्या बाटल्यांऐवजी प्लास्टिकच्या पिशव्या वापरल्या आणि हे सगळं खऱ्या अर्थानं घरी करण्याजोगं झालं. रुग्ण घरी गेला, पण आमची नजर दवाखान्याच्या दारातच राहिली.

आता आम्ही काय पाहतो ते सांगते.

पहिली वही. किती द्रव सोडला, किती निघाला, वजन, रक्तदाब हे सगळं रुग्णानं रोज लिहायचं असतं. रोज खरोखर लिहिलेली वही मला लांबून ओळखू येते. तिच्यात दोन रंगांची शाई असते, कुठे पाण्याचा ठिपका असतो, एखादा आकडा खोडलेला असतो. दुसऱ्या प्रकारच्या वहीत तीस दिवस एकाच पेनाचे, एकाच तिरक्या वळणाचे असतात आणि ‘२२००’ हा आकडा पानभर खाली उतरत जातो. ही वही तपासणीच्या आदल्या रात्री एका बैठकीत झालेली असते. शाळेत असताना आपणही असंच शुद्धलेखन पूर्ण केलं आहे, त्यामुळे मला त्याचा राग येत नाही.

दुसरी चोवीस तासांची तपासणी. दिवसभरातला निघालेला सगळा द्रव आणि लघवी गोळा करून ‘केटी/व्ही’ नावाचा, रक्त किती स्वच्छ होतंय हे सांगणारा आकडा काढतात. आठवड्याला १.७ च्या वर असला की आम्ही निश्चिंत. पण ज्या दिवशी द्रव गोळा करायचा असतो, त्या दिवशी कोण बॅग चुकवेल? परीक्षेच्या दिवशी सगळीच मुलं वेळेवर येतात. लिहून दिलेला उपचार पुरेसा आहे का, एवढंच हा आकडा सांगतो. बाकीच्या २९ दिवसांबद्दल तो मुका आहे.

तिसरा उपाय फार हुशारीचा वाटतो. शरीराबाहेर पडलेलं क्रिएटिनिन, म्हणजे स्नायूंतून रक्तात येणारा टाकाऊ पदार्थ, मोजायचं, वय-वजनावरून जेवढं अपेक्षित होतं त्याच्याशी ताडून पाहायचं आणि जास्त निघालं तर ‘आधी बॅगा चुकवल्या, साठलेलं आता बाहेर पडतंय’ असा निष्कर्ष काढायचा. पण अपेक्षित आकडा स्नायूंवर अवलंबून आणि स्नायू प्रत्येकाचे निराळे. धडधाकट बांध्याचा प्रामाणिक माणूस यात चुकार ठरतो आणि वाळलेला चुकार सुटतो. एखाद्याला दोषी धरण्याइतकी ही कसोटी भरवशाची नाही.

राहता राहिली खोक्यांची मोजणी. महिन्याच्या सुरुवातीला घरी किती बॅगा होत्या, किती आल्या, आज किती शिल्लक आहेत, एवढंच मोजायचं. त्यासाठी रुग्णाच्या घरी जावं लागतं आणि तिथेच सगळं अडतं.

माझ्या एका रुग्णाच्या बाबतीत मी सलग पाच महिने ‘हो’वर खूण केली. वही नेटकी, केटी/व्ही चांगला. पायावर मात्र सूज आणि रक्तदाब चढलेला. शेवटी सुट्टीच्या दिवशी मी स्वतःहून त्यांच्या घरी गेले. पलंगाखाली खोकी, खोक्यांवर धूळ. आधीच्या ४०, आलेल्या १२०, शिल्लक ६६. म्हणजे ३० दिवसांत वापरल्या ९४, कमी पडल्या २६. आठवड्याची एक सुट्टी सोडली तर महिन्यातले कामाचे दिवसही नेमके तेवढेच. हे गृहस्थ दुपारची बॅग लावतच नव्हते. कामाच्या ठिकाणी दार लावून, पंखा बंद करून पाऊण तास बसता येईल अशी जागाच त्यांना नव्हती.

दुपारची बॅग चुकली म्हणजे सकाळचा द्रव संध्याकाळपर्यंत पोटात राहतो. त्यातल्या साखरेच्या जोरावर शरीरातलं जास्तीचं पाणी ओढलं जातं. पण तास वाढत जातात तशी ती साखर रक्तात शोषली जाते, ओढ संपते आणि उलट पोटातलं पाणी शरीरात परत शिरायला लागतं. सोडलेल्या दोन लिटरपैकी पावणेदोनच बाहेर येतात. मग सूज उतरवायला रुग्ण रात्री जास्त साखरेची बॅग लावतो. यांच्या शिलकीतही साध्या बॅगा पडून होत्या आणि जास्त साखरेच्या, ४.२५ टक्केवाल्या संपत आल्या होत्या. नुसता आकडा न मोजता कोणत्या बॅगा उरल्या हे पाहिलं की अर्धी कहाणी तिथेच कळते. आणि ही जास्तीची साखर वर्षानुवर्षे पोटाच्या पडद्यालाच इजा करत जाते.

मी वर कळवलं असतं तर ते ‘नाही’ झाले असते. मी डॉक्टरांना सांगितलं. या गृहस्थांची लघवी अजून बऱ्यापैकी होत होती. डॉक्टरांनी दुपारची बॅगच काढून टाकली आणि सकाळी आयकोडेक्स्ट्रिनची बॅग दिली. हा द्रव साखरेसारखा चटकन शोषला जात नाही, दहा-बारा तास आपलं काम करतो. दिवसाला तीन बॅगा. त्या मात्र ते चुकवत नाहीत, मी मोजल्या आहेत. पाच महिने मी रुग्णाचा दोष शोधत होते, आणि दोष त्यांच्या दिवसात न बसणाऱ्या वेळापत्रकात होता. पेरिटोनियल डायलिसिसच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या २०२० च्या शिफारशीही हेच म्हणतात की, एका आकड्यामागे न लागता रुग्णाला काय जमतं, त्याला कसं जगायचं आहे हे धरून उपचार ठरवावा.

खोकी मोजणंही अचूक नाही बरं का. एखादी बॅग फुटते, रुग्ण चार दिवस भरती असतो, आणि मोजणीची धास्ती बसली की माणसं न वापरलेली बॅग मोरीत ओततात. म्हणून मी न सांगता जाण्याच्या विरुद्ध आहे. मराठीत ‘पथ्य मोडलं’ असं आपण आईला सांगतो, तपासनीसाला नाही.

आणि बॅग लावली म्हणजे झालं असंही नाही. १२० पैकी १२० बॅगा लावणारी एक आजी हात धुऊन ओले हात पदराला पुसायची. तिला दोनदा पेरिटोनायटिस, म्हणजे पोटाच्या पडद्याला जंतुसंसर्ग झाला, गढूळ पाणी, पोटात कळा. अनुपालन : हो! प्रशिक्षणात शिकलेल्या पायऱ्या काही महिन्यांत हातातून गळत जातात. समोर बसून एक पूर्ण बदल पाहिल्याशिवाय ते कळत नाही.

रात्री आपोआप चालणाऱ्या सायकलर यंत्रांची नोंद आता थेट दवाखान्यात येते. रुग्णानं यंत्र किती वाजता लावलं, कधी मधेच बंद केलं, सगळं दिसतं. उपयोगी आहे, हवीच. मात्र हात धुतले का हे यंत्राला दिसत नाही, आणि आपण पाहिले जातोय हे रुग्णाला आधी सांगायला हवं.

तेव्हा विनंती अशी. ‘हो / नाही’ काढून तिथे दोन ओळी द्या : काय चुकलं आणि का. घरभेट ही आमच्या सवडीची गोष्ट न ठेवता कामाच्या तासांत धरा, प्रवासखर्चासह. पहिली भेट सुरुवातीलाच, मग ठरावीक अंतरानं, आणि प्रत्येक पेरिटोनायटिसनंतर किंवा मोठ्या भरतीनंतर पुन्हा प्रशिक्षण. घरात बॅगा लावणारा दुसरा माणूस असेल तर तो थकलाय का, हेही विचारायला जागा हवी. कारण बऱ्याच घरांत चुकणारी बॅग त्याच्या थकव्यानं चुकते. आणि या अहवालावरून कुणाचा बॅगांचा पुरवठा कमी करू नका. तसं एकदा जरी झालं तरी मला परत कुणी खरी वही दाखवणार नाही.

गेले तीन महिने मी तो रकाना कोरा पाठवते आहे. दोनदा फोन आला, अर्ज अपूर्ण आहे म्हणून. वरच्या मजकुराला माझा लेखी खुलासा समजावा.

आपली,
पेरिटोनियल डायलिसिस विभागातील एक परिचारिका